मांडीवरची जागा

"काकानू, मगे तेका मांडयेर बसाक गावला काय?"

प्रश्न माझ्या उजव्या कोपराजवळून आला. पहाटेचे चार वाजत आले होते. देवळासमोरच्या मांडवात दशावताराचं आख्यान उतरणीला लागलं होतं आणि मी, खरं सांगायचं तर, अर्धा झोपेत होतो. गेल्या मार्गशीर्षातली आमच्या गावची जत्रा. शेजारच्या काकींनी गोणपाटावर गोधडी अंथरून जागा धरून ठेवलेली, तिच्यात त्या, त्यांचा सात वर्षांचा नातू आणि पुण्याहून रजा टाकून आलेला मी, असे तिघं दाटीवाटीने बसलो होतो. पोरगा रात्री अकरापासून टक्क जागा. मांडीत खाजाचा पुडा, त्यातल्या गुळाचा आणि आल्याचा वास माझ्या स्वेटरला लागलेला. मी म्हटलं, "कोणाक?" तो म्हणाला, "ध्रुवाक."

मी खिशातलं सुटं नाणं काढून द्यावं तसं तयार उत्तर दिलं. "तेका आकाशात जागा गावली. अढळपद." तो म्हणाला, "ता कळला. मांडयेर?" "अरे, देव प्रसन्न झालो मां तेका!" "मगे देवाच्या मांडयेर बसलो?" मागून कोणीतरी शुक्‌ केलं. काकी म्हणाल्या, "वगी रव रे बाबू, काकांका झोप येता." आयतीच पळवाट मिळाली, ती मी घेतली. समोर बोट दाखवून म्हटलं, बघ बघ, आता हंडी फोडतले. पोरगा काही हंडीकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिला, दुकानदार उरलेले पैसे परत द्यायला विसरल्यावर गिऱ्हाईक उभं राहतं ना, तसा.

मला उत्तर येत नव्हतं.

खरं तर ते आख्यान मी लहानपणापासून किती वेळा पाहिलं असेन. दशावताराला संहिता नसते. आज कुठली कथा लावायची ते संध्याकाळी ठरतं आणि संवाद ज्याचे त्याने उभ्याउभ्या रचायचे. त्यामुळे तोच ध्रुव प्रत्येक जत्रेत वेगळा निघतो. या वेळचा उत्तानपाद राजा चांगला धिप्पाड होता. सिंहासन म्हणजे लाल कापड घातलेलं शाळेचं बाकडं, त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली नारळाच्या सोडणाचा तुकडा सारलेला. राजाच्या डाव्या मांडीवर ध्रुवाचा सावत्र भाऊ उत्तम बसलेला. ध्रुव झालेला मुलगा दहा-अकरा वर्षांचा असावा. डोक्यावरचा मुकुट मोठा, हनुवटीखाली दोऱ्याने बांधलेला. तो धावत आला आणि राजाच्या उजव्या गुडघ्याशी थांबला. पायपेटीवाल्याने सूर नुसता धरून ठेवला. राजाने हात पुढे केला, सुरुचीकडे पाहिलं, आणि तोच हात परत आणून तलवारीच्या मुठीवर ठेवला. एक शब्द बोलला नाही. एरवी हे राजे अर्धा अर्धा तास बोलतात. आमच्या गोधडीवर कोणाचीतरी चुळबुळ थांबल्यासारखी वाटली, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

मग सुरुची. साडी नेसलेला पन्नाशीचा पुरुष, पण चाल अशी की बायकांनीही मान डोलवावी. "मांडी हवी तर पुढच्या जन्मी माझ्या पोटी ये" असं म्हणत तिने पोराला दंडाला धरून फरफटत कडेला नेलं. आम्ही अगदी पुढे बसलो होतो म्हणून दिसलं. फरफटता फरफटता तिने दुसऱ्या हाताने त्या पोराचा सुटत आलेला पितांबर कमरेत नीट खोचला. तोंडाने शिव्याशाप चालूच. नंतर तासाभराने मी पाय मोकळे करायला पडद्याच्या मागच्या बाजूला गेलो, तर तिथे पेटाऱ्यांच्या मधल्या जागेत ध्रुव झोपला होता. डोकं सुरुचीच्या मांडीवर. सुरुचीने केसांचा टोप काढून बाजूला ठेवलेला, अर्ध्या तोंडाचा रंग पुसलेला, ओठात विडी, आणि राखेची ठिणगी पोरावर पडू नये म्हणून विडीचा हात लांब धरलेला. तो त्याचा कोण होता, मी विचारलं नाही. थोड्याच वेळात त्याला हलवून उठवलं असणार, कारण तपश्चर्येचा प्रवेश बाकी होता.

काकींच्या मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. तो बोटीवर आहे. आमच्याकडे बोटीवर म्हटलं की परदेशी जाणारं मालवाहू जहाज, आणि मासेमारीचा असेल तर होडीवर किंवा ट्रॉलरवर. हे कोणाला समजावावं लागत नाही. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन-तीन महिने घरी, मग परत. पोरगा झाला तेव्हा तो समुद्रात होता, पोरगा चालायला लागला तेव्हाही. सून तालुक्याच्या गावी दवाखान्यात कामाला जाते, संध्याकाळच्या एसटीने येते. रेंज मिळाली की जहाजावरून व्हिडिओ कॉल येतो. काकी मला एकदा सांगत होत्या की पोरगं फोन हातात धरत नाही, मांडी घालून बसतं आणि फोन मांडीवर ठेवून वाकून बघतं. "बापाशीक मांडयेर घेऊन बसता," असं म्हणून त्या हसल्या होत्या. मीही हसलो होतो. जत्रेच्या रात्री ते आठवलं नाही, हे आता लिहिताना विशेष वाटतं.

पहाटे दहीहंडी फुटली, गर्दी पांगली, आणि आम्ही मळ्यातल्या वाटेने घरी निघालो. काकींच्या हातात बॅटरी होती, पण वाट पायाखालची असल्याने लावायची गरज नव्हती. गवतावर दंव होतं. पोरगा अजून झोपेला आला नव्हता. त्याने विचारलं, "खंयचो तो तारो?" हे मात्र मला येत होतं. त्या वेळेला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आले होते. त्यांचे पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, यांची रेघ पुढे ओढत न्यायची. मी त्याला मागून धरून त्याचा हात सरळ केला आणि खाली खाली आणला, तर ध्रुव माडांच्या झावळ्यांत अडकलेला. आम्हाला वाटेवर दहा पावलं सरकावं लागलं. तो म्हणाला, "इतको खाली?" त्याची निराशा मला पटली. एवढ्या गाजावाजाने मिळालेली जागा आणि दिसायला अशी, शेजारच्या शहाळ्यांच्या घोसापेक्षा जेमतेम वर.

मग मी त्याला ते जुनं गणित सांगितलं. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. आमचं गाव सोळाव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणून तो सोळा अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, तेव्हा दीड मुठीच्या थोडा वर. उत्तरेला जाशील तसा तो चढत जातो, दक्षिणेला जाशील तसा उतरतो. जुने खलाशी याच्यावरच जहाज हाकायचे. पोराने एक मूठ धरली, वर अर्धी धरली, मान हलवली. मला शिकवल्याचं समाधान झालं. आपल्याला जे येतं ते शिकवून जे येत नाही ते झाकायची सवय मास्तर नसलेल्या माणसांनाही असते.

"ह्यो बाबांक दिसता काय?"

काकींनी संध्याकाळीच सांगितलं होतं, जहाज आफ्रिकेच्या खालच्या टोकाकडे गेलंय. म्हणजे विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला. तिथून ध्रुव दिसत नाही. तो क्षितिजाखाली जातो. हे माझ्याच गणितातून निघत होतं, नुकतंच सांगितलेलं. मी म्हटलं, "दिसता तर." आणि वर, "तो पण आता बघत असतलो."

हे वाक्य मला नंतर कितीतरी दिवस बोचत राहिलं. लहान पोराशी खोटं बोललो म्हणून असेल, पण तेवढंच नव्हे. त्याने इतका साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला दोनदा आकाशातच पाठवलं.

माझे वडील गिरणीत होते. साचेखात्यात. मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत वळकटीपुरती जागा, खानावळीचं जेवण, आणि वर्षातून दोनदा गाव, एकदा गणपतीत आणि एकदा शिमग्याला. बाकी वर्षभर ते आमच्याकडे मनीऑर्डरच्या रूपाने यायचे. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायची सोय असे. पोस्टमन ओट्यावर बसून ताक पीत त्या मोठ्याने वाचून दाखवायचा, आईला वाचता येत असलं तरी. "पैसे पाठवले आहेत. लावणी झाली का कळवणे. म्हशीची काळजी घेणे. चि. स आशीर्वाद." त्यातला चि. म्हणजे मी. म्हशीच्या नंतर. तो तुकडा आई देवाच्या फळीवर तांब्याखाली ठेवायची आणि मी तो कोणी नसताना काढून त्या 'चि.'वर बोट फिरवायचो. शाईच्या पेनाने वडील टिंब जरा जोरात टेकवायचे, कागदाला मागून फुगवटा यायचा. तो बोटाला लागे.

गणपतीत ते आले की घरात पहिले दोन दिवस आम्ही पाहुण्यासारखे वागत असू. ट्रंकेला मशीनच्या तेलाचा आणि कापसाचा वास. त्यातून पाव, बटर, आईला पातळ, मला एका साइझने मोठा शर्ट. वर्ष काढायचं असल्याने मोठाच. ते ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरायचे आणि मी खांबाला धरून उभा. मांडी दिसायची. जायचं कसं ते कळायचं नाही. कान टोचताना मी मामाच्या मांडीवर बसलो होतो, भजनाला गेलो की बुवांच्याही. बापाच्या मांडीवर बसायची रीत कोणी शिकवली नव्हती, आणि शिकेपर्यंत त्यांचे आठ दिवस संपत.

आणि आवाज. माझे वडील फार मोठ्याने बोलायचे. मिठाचं भांडं मागताना सुद्धा भांडण निघाल्यासारखं वाटे. मी घाबरून आईच्या मागे जायचो आणि मग ते आणखी मोठ्याने हसायचे. वर्षानुवर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, आपला आवाज किती चढलाय ते त्याचं त्याला कळत नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तोवर मी त्यांना रागीट ठरवून मोकळा झालो होतो.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतले. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर एसटीतून एकेक ट्रंक उतरायला लागली. वाडीतली पोरं आम्ही खूष. गणपती नाही, शिमगा नाही, आणि बाप आलेत! मी आठ वर्षांचा होतो. वडील आले ते परत गेलेच नाहीत. इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. मागितलेलं मिळालं होतं.

पण जो माणूस आला तो माझ्या मनातला नव्हता. मनातला सुटीवर येणारा होता, त्याच्याकडे ट्रंक होती. हा पडवीत बसून राही. पाच वाजता, जेव्हा पाळी सुटायची असेल, तेव्हा उठून अंगणात उगाच फेऱ्या मारी. शेतात त्याला जमत नसे. आजोबा त्याच्या हातून नांगर काढून घेत. आईशी पैशावरून बोलणं होई, तेही त्या आवाजात, आणि शेजारी ऐकू जाई याची मला लाज वाटे. मला लाज वाटल्याचं आठवतं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं आहे. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं, मांडीवर थाप मारली. मी म्हटलं, "माका अभ्यास आसा." अभ्यास नव्हता. मी मागच्या दारी जाऊन केळीखाली बसून राहिलो. त्यांनी परत बोलावलं नाही. पुढे ते तालुक्याला एका दुकानात हिशेबाला लागले आणि मी बघता बघता त्यांच्या खांद्याएवढा झालो.

आमच्या बाजूला आरवलीचा वेतोबा आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या, अशी लोकांची श्रद्धा. देवळात ठेवलेल्या त्या चपला बघताना मला दर वेळी वाटतं की ज्या मुलखातले पुरुष निम्मं आयुष्य बाहेर काढतात, तिथल्या बायकांनी देव मात्र पायाने फिरणारा आणि रात्री घरी असणारा निवडला. काकींनीही मुलासाठी चपला बोलल्या आहेत. सुखरूप येऊ दे. बाकीचं मागणं मनात.

पुण्याला आल्यावर मी भागवताचा चौथा स्कंध काढला. आपण ध्रुवाची गोष्ट जिथे सोडतो तिथे ती संपत नाही, एवढंच अंधुक आठवत होतं. पाच वर्षांचं पोर, नारदाची भेट, यमुनेकाठचं मधुवन, सगळं होतं तसंच. पण पुढचं मी कधी नीट वाचलंच नव्हतं. देव भेटतो, वर देतो, आणि पोर घराकडे निघतं तेव्हा खुशीत नसतं. मागायला गेलो आणि भलतंच मागून बसलो असं त्याला वाटत असतं. आणि नगरात बातमी येते. राजाला खरं वाटत नाही, मेलेला माणूस परत आल्यासारखं. सांगत आलेल्याला तो गळ्यातला हार काढून देतो, रथ जोडतो, वेशीबाहेर जातो, पोर दिसताच रथातून खाली उतरतो आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारतो. त्याचं मस्तक हुंगतो, पुन्हा पुन्हा. डोळ्यांतल्या पाण्याने त्याला न्हाऊ घालतो. सुरुचीसुद्धा पायाशी वाकलेल्या त्याला उचलून जवळ घेते.

मस्तक हुंगतो. तिथे मी पुस्तक पालथं ठेवलं. कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही न आठवलेली गोष्ट एकदम नाकाशी आली. एसटीतून उतरले की वडील ट्रंक खाली ठेवत, वाकत, आणि माझ्या डोक्यात नाक खुपसत. एक मोठा श्वास. मग त्याच त्यांच्या आवाजात, साऱ्या थांब्याला ऐकू जाईल असं: "केवढा त्याल थापलंहा गो ह्याच्या टकलेर!" आई हसायची. मी डोकं सोडवून घ्यायचो. मांडी, मांडी करत मी इतकी वर्षं एक हिशेब ठेवला होता आणि त्यात ही जमा कुठे मांडलीच नव्हती. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांना ऐकू यायला मला ओरडावं लागायचं, तेवढं ओरडून हे सांगायला जमलं असतं की नाही, शंकाच आहे.

मे महिन्यात गावी गेलो. काकींच्या खळ्यात रतांब्यांचा ढीग पडला होता. सोलं घालायची धांदल. पोरगा पाटावर बसून रतांबे फोडत होता, बिया एका टोपात, सालं दुसऱ्यात, मनगटापर्यंत हात लालभडक. मला बघून त्याने ना काका म्हटलं ना काही. म्हणाला, "बाबान सांगल्यान, थय तो तारो दिसना नाय म्हणान."

मी म्हटलं, "होय. मी चुकीचा सांगलंय."

"खोटा सांगलात."

"खोटा सांगलंय."

त्याने एक रतांबा मला फोडायला दिला. याचा अर्थ मी माफी असा घेतला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो. मग त्याचं राहिलेलं उत्तर दिलं. बापूस वेशीपर्यंत आला, रथातून उतरला, पोटाशी धरलं, डोकं हुंगलं, रडला. पोरगा फोडता फोडता ऐकत होता. राजा रडला म्हटल्यावर त्याने वर बघितलं. "मगे किती वर्सां झालेली?" मी म्हटलं, वर्षं नाही, सहा महिने. सहा महिने तप केलं, मग देव भेटला आणि तो घरी आला.

"सहाच?"

"सहाच."

त्याने रतांबा टोपात टाकला आणि बोटं उघडून बघितली. "आणि तेवढ्याक तारो गावलो?"

मला हसू आलं. काकींना आलं नाही. त्या सालांना मीठ लावत होत्या, त्यांचा हात थांबला. पोरगा मात्र अजून हिशेबातच होता. लाल बोटं एकेक करून मिटत तो सहाच्या पुढे गेला, सात, आठ, नऊ. एक बोट उरलं. त्याच्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं, मग दोन्ही हात चड्डीला पुसले आणि पुढचा रतांबा उचलला.